मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

त्याला सगळी गल्ली हॉर्नमामा म्हणते, कारण त्याच्या आवाजाला कमी करायचं बटणच नाही. मामा घरात शिंकला की कोपऱ्यावरच्या दुकानात वजन करणाऱ्याचा हात हलतो. बावीस वर्षं त्याने टूरची बस चालवली. एकच गाडी, एकच रस्ता. सकाळी शहरातून निघायचं, मग धरण, जुना पूल, घाट चढून समुद्राकडचं दीपगृह, आणि परत. बावीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. हे तो स्वतः सांगायचा, पण खरं होतं म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं.

मग एके दिवशी त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, नजर अर्धीच परत आली. मोठ्या गाडीचं लायसन्स गेलं आणि गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. त्या ड्रायव्हरच्या मिशा अशा की तोंड उघडल्याशिवाय ओठ आहेत हे कळत नाही. मामा त्याला नुसतं 'मिशी' म्हणायचा, आणि तेही दात खाऊन.

तेव्हापासून मामा खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत. अकरा महिने. दाढी करायला सुद्धा बाहेर पडेना. दोन्ही हात गुडघ्यांवर असे ठेवायचा, जसे स्टेअरिंगवर असतात. बाहेरून गाडी गेली की कान टवकारायचा.

"दुसऱ्यात ओढतोय बघ. अरे टाक की तिसरा, गाढवा!"

गाढव निघून गेलेलं असायचं.

मामी ताडपत्री शिवते. ट्रकवर टाकायची झाकणं, दुकानांपुढचे पडदे, टेम्पोची छपरं. तिच्या शेडमध्ये टेबल नाही, सगळं काम जमिनीवर. कापड इतकं जड, की कोपरा ओढायला दोन बाया लागतात. मामी एकटी ओढते. तिच्या उजव्या तळहातावर सुई रेटून रेटून असा घट्टा पडलाय, की चहाचा गरम कप ती हँडल न धरता उचलते. बोलणं कमी. पण एकदा बोलली की समजायचं, टीप पडली, आता उसवत नाही.

एका संध्याकाळी काम आवरून आल्यावर तिने विचारलं, "अहो, दीपगृहावरून काय काय दिसतं हो?"

मामाला असलं विचारणं म्हणजे रेडिओ लावण्यासारखं. तो बसमधल्यासारखा सुरू झाला. "उजव्या हाताला बेट, डाव्या हाताला खाडीचं तोंड, समोर मोकळा समुद्र. एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. सावकाश चढा, धाप लागली तर कठडा धरा, पंचेचाळीस मिनिटांनी तीन हॉर्न देणार..."

"तुम्ही पाहिलंय?"

मामा गुडघ्यावरचे हात चोळायला लागला.

"मी विचारते, तुम्ही स्वतः वर जाऊन पाहिलंय का?"

"ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही," मामा म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज भिंतीपर्यंतही पोचला नाही.

खरंच होतं ते. पॅसेंजर वर जायचे, मामा खाली. टायर ठोकून बघायचा, काच पुसायचा, पाणी तपासायचा. हजारो माणसांना त्याने दीपगृह दाखवलं आणि स्वतः फक्त त्याचा दरवाजा बघितला.

मामी म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या महिन्यात तुम्ही मला तुमच्या गाडीतून नेलं होतं. मी वर गेले. वरून हात हलवत होते. हात दुखेपर्यंत हलवला. तुम्ही वाकून टायर बघत होता."

"मग हाक मारायचीस!"

"मारली. तुमच्यासारखा गळा नाही माझा."

मामाने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक बंद पडलेली रिक्षा सोडली तर काही नव्हतं.

"पुढच्या शनिवारी जाऊ," मामी म्हणाली.

"त्या गाडीत पॅसेंजर म्हणून? मेलो तरी बसणार नाही."

"गाडीचं नाव कोणी काढलं?"

दोन दिवसांनी मामीच्या शेडशेजारचा वेल्डर दारात एक जनावर सोडून गेला. भंगारातल्या दोन सायकली कापून त्याने एक केली होती. दोन सीटा, चार पायडल, पुढे हँडल. मागच्या माणसासाठी पण हँडल होतं, पण ते सीटच्या दांड्यालाच जोडलेलं. वळायचं नाही, फक्त धरायचं. ब्रेक पुढे. घंटी पुढे.

मामाने सायकलभोवती दोन चकरा मारल्या. "पुढे कोण?"

"ज्याचे दोन्ही डोळे चालतात तो."

"म्हणजे मी... मी मागे?"

"मागे."

मामीचा भाऊ टेम्पो चालवतो. तो हे बघायला मुद्दाम आला आणि पोट धरून हसला. "दाजी, ताईच्या मागे बसून घाट? अहो, अर्ध्या रस्त्यात ताई तुम्हाला उतरवून देईल. फोन जवळ ठेवा. टेम्पो घेऊन येतो. सायकल मागे टाकू, तुम्हाला पुढे बसवू."

मेहुणा गेल्यावर मामाने अट घातली. दीपगृह लोकांसाठी शनिवार-रविवारीच उघडं असतं, म्हणजे गाडीही त्याच दिवशी येणार. बरोबर चारला. "आपण एकच्या आत वर, दोनच्या आत पठारावर, गाडीच्या रस्त्यापासून लांब. मिशीने मला बायकोच्या मागे पायडल मारताना बघितलं तर डेपोत सहा महिने तेवढाच विषय. गाडी दिसली की संपलं. टेम्पो बोलवायचा, मी घरी. परत मला कुठे चल म्हणायचं नाही."

"परत कधीच नाही?"

"कधीच नाही."

मामीने मान हलवली. खुर्चीकडे एकदा बघितलं. तिला माहीत होतं, या वेळी तो त्या खुर्चीत परत बसला तर शेवटचा बसणार.

राहण्यासाठी तंबू पाहिजे. विकत कशाला, घरात शिवणारी असताना? आठ दिवस मामी उरलेल्या तुकड्यांतून तंबू शिवत होती. कोपरे तिहेरी, कडेला पितळी रिंगा, दोऱ्याला मेण. वादळ आलं तर झाड जाईल, तंबू जाणार नाही.

शुक्रवारी सकाळी निघाले. गल्ली संपेपर्यंत मामाने नऊ वेळा ब्रेक मारला. म्हणजे मारायला गेला. पाय हवेत दाबायचा, पायडल थांबायचं, मामीचं पायडलही थांबायचं, आणि सायकल झिंगल्यासारखी डोलायची.

"ब्रेक! अगं ब्रेक! ट्रक आहे पुढे!"

"उभा आहे तो ट्रक. आणि मागच्या सीटला ब्रेक नाही. तुमच्या तोंडाला पण नाही."

"डावीकडून घे. हात दाखव. अगं, हात दाखव आधी!"

"तुम्ही दाखवा. तुमचे हात रिकामेच आहेत."

हे मात्र मामाला पटलं. तेव्हापासून हात दाखवणं त्याच्याकडे. आणि काय सांगू, बावीस वर्षांचा ड्रायव्हर तो! हात असा बाहेर काढायचा की मागचा डंपर सुद्धा निमूट थांबायचा. धरणापर्यंत दोघांचे पाय एका तालात पडायला लागले होते. ऊन होतं, वारा होता, मामाच्या दाढीत माशी अडकली होती आणि तो ओरडून ओरडून जुन्या पुलाची उंची सांगत होता. ऐकायला मामी सोडून कोणी नव्हतं. पण सांगत होता.

दिवस कलायच्या आत घाटाच्या पायथ्याला कालव्याशेजारी मोकळी जागा बघून तंबू ठोकला. खुंट्या मारल्या, दोऱ्या ताणल्या. दणकट, कडक, एक सुरकुती नाही. मामाने तंबूवर थाप मारली, ढोलासारखा आवाज आला.

"वा! आता आत कुठून जायचं?"

मामीने तंबूभोवती एक फेरी मारली. मग उलट दिशेने मारली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

दारच नव्हतं.

वीस वर्षं ट्रकची झाकणं शिवणारी बाई ती. ट्रकच्या झाकणाला दार कशाला? चारही बाजूंनी बंद, माल आत, पाणी बाहेर, झालं काम. हात चालत गेला आणि तिने नवरा-बायकोचा तंबू मालासारखा शिवला.

मामा आधी फुसफुसला, मग जे हसायला लागला ते कालव्यापलीकडची बगळ्यांची रांग उठून गेली. "अगं, आपल्याला पोचवायला कोण येणार? पत्ता तरी लिही वर!"

मामी पण हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. अकरा महिन्यांत त्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं. ब्रेड-अंडी खाल्ली, एका बाजूच्या दोऱ्या सैल केल्या आणि ट्रकखाली शिरतात तसे दोघं सरपटत आत गेले.

सकाळी मात्र गंमत संपली. मामा सरपटत बाहेर येताना कमरेत उसण भरली. तो अर्धा आत, अर्धा बाहेर, कासवासारखा. मामीने कात्री काढली आणि कर्रकन तंबू कापला. दार झालं. मामा बाहेर आला, कमर चोळून बघितली, पायडल मारण्याइतकी ठीक होती.

"चल, सात वाजले. निघू."

मामी खाली बसली होती. सुई-दोरा काढून.

"आता काय?"

"कड दुमडते."

"अगं आल्यावर दुमड!"

"आज संध्याकाळी वर पठारावर हाच तंबू लावायचाय. वारा आहे तिथे. उघडी कड वाऱ्यात फाटत जाते. माझ्या हातून आजवर उघडी कड गेली नाही."

"किती वेळ?"

"ताडपत्री आहे, हाताने करायचंय. लागेल दोन-तीन तास."

"गाडी चारला येते!"

"माहीत आहे."

तिचं बोलणं मामाच्या ओळखीचं होतं. ड्रायव्हर गाडी सोडून जात नाही. शिवणारी कड उघडी सोडत नाही. याच्यावर त्याच्याकडे उत्तर असतं तर दीपगृह त्याने बावीस वर्षांपूर्वीच बघितलं असतं. तो मुकाट्याने समोर बसला आणि ताडपत्री ताणून धरली. मामी तळहाताच्या घट्ट्याने सुई रेटत होती, तो घड्याळ बघत होता.

साडेदहाला निघाले.

घाटाला चौदा वळणं. पहिल्या तीन वळणांत मामीचा श्वास फुलला. ती सगळीकडे आतल्या बाजूने चिकटून वळत होती, सरळ रस्त्यावरच्यासारखी. चौथ्याला मामा बोलला, आणि या वेळी ओरडून नाही.

"बाहेरून घे. आतून चढ उभा आहे, बाहेरून बसका. मी ऐकतो मागून काही येतंय का. मोकळं आहे. घे."

मामीने बाहेरून घेतलं. सायकल हलकी झाली.

"आता दोनशे पावलं दम खा. पुढे सिमेंटचा पट्टा आहे, तिथे घसरतं, मधोमध रहा. पाचव्याच्या आधी झाडाची सावली आहे, तिथे पाणी पिऊ."

सिमेंटचा पट्टा आला. झाड आलं. एकेक गोष्ट त्याने सांगितली तिथेच. मामाने अर्ध्या नजरेचा डोळाच काय, दोन्ही डोळे मिटले होते. रस्ता त्याच्या पायात होता. तो सांगायचा, ती वळवायची. पाचवं, सहावं, आठव्याला उतरून ढकललं, नवव्याला परत बसले. दोघांचे कपडे घामाने चिकटले होते, मामीच्या मांड्या थरथरत होत्या, आणि घड्याळ काही थांबायला तयार नव्हतं. मधे दोनदा चेन पडली. एकदा मामीच्या पायात गोळा आला, तो मामाने अर्धा तास रगडून काढला. बाराव्या वळणाला पावणेचार वाजले.

आणि मामाचे कान उभे राहिले.

खालून, लांबून, आवाज येत होता. तिसऱ्या गिअरची ती बारीक शिटी. हजार गाड्यांत ओळखली असती.

"थांब," मामा म्हणाला.

"काय झालं?"

"आपली गाडी. थांब. त्या दगडामागे जाऊ. गेली की निघू."

"चढावर थांबले तर माझे पाय परत उचलणार नाहीत," मामी धापा टाकत म्हणाली. "साडेचारला वर सोडणं बंद करतात. थांबायचं असेल तर फोन काढा. टेम्पो बोलवा. हँडल माझ्या हातात आहे, पण बोलायचं तुम्ही. लवकर बोला."

आवाज अकराव्या वळणाला आला. मामाचा हात खिशात गेला. फोनला लागला. समोर मामीची पाठ होती, घामाने काळी झालेली, आणि तिच्या पाठीवर तंबूची गुंडाळी, त्यात ते नवीन दार.

मामाने हात खिशातून बाहेर काढला. फोनशिवाय. मग तो बाहेर ताठ धरला आणि खाली-वर हलवला. मागच्या गाडीला सांगतात तसं, हळू, पुढे आम्ही आहोत.

"पायडल मार!" तो ओरडला. असा ओरडला की दरीतून परत आवाज आला. "मार! बाहेरून घे! मी आहे मागे!"

बस वळली आणि मागे आली. मामाने मान वळवली नाही. आता हॉर्न वाजेल, आता ओव्हरटेक करेल, आता मिशी खिडकीतून दात काढेल. पण बस पुढे गेलीच नाही. मागे मागे, पहिल्या गिअरमध्ये, सायकलीच्या चालीने येत राहिली. मिशीने दिवे लावले. मग खिडक्यांतून माणसं बाहेर लोंबकळायला लागली.

"चला आजोबा!"

"आजोबा कोणाला म्हणतोस रे?" मामा गरजला. सगळी बस हसली आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

तेरावं वळण. चौदावं. मग रस्ता सपाट झाला, समोर दीपगृह उभं राहिलं, पांढरं, आणि मामीने दरवाजापाशी ब्रेक दाबला. दोघं उतरले नाहीत, जवळजवळ पडले. बसमधून टाळ्या येत होत्या.

मिशी खाली उतरला. सरळ मामाकडे आला. मामाने छाती पुढे काढली, आता जे ऐकायचं ते ऐकू.

"मामा, तू 'बाहेरून घे' ओरडलास ते बसमध्ये ऐकू आलं. वळण बाहेरून घ्यायचं हे मला कोणी सांगितलंच नाही," मिशी म्हणाला. "मागच्या रविवारी आतून घेतली, गाडी गरम झाली. इतर कुठे काय आहे ते सांगशील का? डेपोत विचारलं तर म्हणतात, ते फक्त मामाला माहीत."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. मिशीखाली ओठ होते आणि ते हसत नव्हते.

"सांगतो," मामा म्हणाला. "आधी वर जाऊन येतो."

जिना गोल आणि अरुंद. मामा मोजत होता, मामी पुढे कठडा धरून. दोनदा बसले. शेवटची पायरी आली तेव्हा मामा तिथेच थांबला.

"एकशे एक्याण्णव!"

"काय?"

"एकशे एक्याण्णव आहेत! बावीस वर्षं मी लोकांना सात पायऱ्या कमी सांगितल्या!"

मग तो बाहेर कठड्यापाशी आला. बेट उजव्या हाताला होतं. खाडीचं तोंड डाव्या हाताला. हे त्याने बरोबर सांगितलं होतं. पण समुद्र एवढा असतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पाणी संपतच नव्हतं. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं आणि खराब डोळ्यातूनही आलं, तिथे दोन्ही डोळ्यांचं काम सारखं चाललं.

"बोला की," मामी म्हणाली. "एरवी गप्प बसत नाही."

"बघू दे."

खाली बसचं छप्पर दिसत होतं. छपरावर सामान झाकायची ताडपत्री, तिला एका कोपऱ्यात हिरवा तुकडा. मामीनेच लावलेला. आणि बसशेजारी मिशी वाकून टायर ठोकत होता.

मामाने हात वर केला आणि हलवला. मिशी टायरच बघत होता. मामाने मामीकडे बघितलं. मामीने फक्त भुवई उचलली.

"ए मिशी!"

बावीस वर्षांचा हॉर्न एका दमात वाजला. खालच्या पॅसेंजरांनी वर बघितलं, दीपगृहाच्या रखवालदाराने बघितलं, मिशीने बघितलं. मामा दोन्ही हात हलवत होता. त्याचा एक हात मामीने पण धरून हलवला. मिशीने टोपी काढून हलवली.

थोड्या वेळाने खालून बसचे हॉर्न आले. तीन छोटे. मामाचे पाय आपोआप जिन्याकडे निघाले. मामीने शर्ट धरला.

"कुठे? ती गाडी आपली नाही. आपल्या गाडीला घंटी आहे, आणि ती मी वाजवल्याशिवाय सुटत नाही."

मामा परत कठड्याला येऊन टेकला. सगळे पॅसेंजर उतरून गेले, तरी तो टेकूनच. पोटभर बघितलं, मगच उतरला.

खाली बस भरली होती, मिशी चढायच्या बेतात.

"तू गेलायस कधी वर?" मामाने विचारलं.

"ड्रायव्हर गाडी सोडून कुठे जातो?"

"जा. गाडी मी बघतो. चावी राहू दे, मी चालवत नाही, घाबरू नको. आणि ए, एकशे एक्याण्णव आहेत. एकशे चौऱ्याऐंशी कोणी म्हणालं तर ऐकू नको."

मिशीने रखवालदाराकडे बघितलं. रखवालदाराने घड्याळाकडे बघितलं, मग मामाच्या गळ्याकडे बघितलं आणि दार सोडलं.

बसमधून एकजण कुरकुरला, "अहो, उशीर होतोय."

मामा बसच्या दारात उभा राहिला. "आज गाडी वीस मिनिटं उशिरा सुटेल! ड्रायव्हर दीपगृह बघायला गेलाय! कोणाला अडचण?"

कोणालाच अडचण नव्हती. काचा सुद्धा गप्प बसल्या.

मामाने फडकं घेतलं आणि पुढची काच पुसली. टायर ठोकले, सहाही. तेवढ्यात मामीचा फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, टेम्पो काढू का? कुठपर्यंत पोचलात?"

"वरपर्यंत," मामी म्हणाली. "तुझा टेम्पो ठेव. उद्या उतरतो आम्ही, संध्याकाळपर्यंत घरी."

वीस मिनिटं झाली. मामाने पंचवीस होऊ दिली. मग ड्रायव्हरच्या खिडकीतून हात आत घालून तीन हॉर्न दिले. छोटे, नेमके, तसे फक्त त्यालाच जमतात. वर कठड्यापाशी मिशी अजून टोपी हलवत होता, खाली यायचं नावच घेत नव्हता.

"येईल," मामा पॅसेंजरांना म्हणाला. "पहिल्यांदा बघतोय. धीर धरा."

मिशी उतरून आल्यावर मामाने त्याला चौदाही वळणं भराभर सांगितली, आणि मग तो जोडसायकलीकडे गेला, मागच्या सीटवर बसला, हात बाहेर ताठ काढला.

"चल गं. मोकळं आहे. पठारावर चांगली जागा मला माहीत आहे."